ईसीजीची पट्टी कशी वाचतात? ‘पी-क्यू-आर-एस-टी’ देणाऱ्या आइंटहोव्हेन यांची गोष्ट

धामणगाव रेल्वे : रात्री एखाद्याच्या छातीत अचानक धडधड सुरू झाली, की घरचे आधी गावातला दवाखाना गाठतात. तिथं ईसीजी निघतो. पट्टीचा फोटो अमरावती किंवा नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मोबाइलवर जातो आणि पेशंटला पुढं न्यायचं की नाही, हे ठरतं. पेशंट एकीकडे आणि पट्टी वाचणारा दुसरीकडे, ही सोय व्हॉट्सॲपमुळे आली असं वाटतं. पण ती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. ती करणारे होते विलेम आइंटहोव्हेन.

कोण होते आइंटहोव्हेन?

त्यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावर, आजच्या इंडोनेशियातल्या सेमारंगमध्ये झाला. वडील डॉक्टर होते, पण विलेम लहान असतानाच ते वारले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात आली. विलेम तिथंच डॉक्टर झाले आणि पंचविशीतच लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवडले गेले. पुढचं सगळं आयुष्य तिथंच गेलं.

अडचण काय होती?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्यात सूक्ष्म वीज फिरते. छातीवर आणि हातापायांवर ती साधारण एक मिलिव्होल्ट भरते, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दीड हजाराव्या भागाइतकी. १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी ती माणसाच्या अंगावरून नोंदवून दाखवली. पण त्यांच्या उपकरणात पारा बारीक नळीत वर-खाली व्हायचा. पारा जड, त्यामुळे आलेख बोथट यायचा.

आइंटहोव्हेन यांनी गणितानं तो आलेख दुरुस्त केला आणि त्यातल्या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली. पण प्रत्येक ठोक्यासाठी गणित कोण करणार? ठोक्यांची लय बिघडली आहे का हे पाहायचं, तर प्रत्येक ठोका जसाच्या तसा उमटायला हवा.

यंत्र कसं चालायचं?

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये गॅल्व्हानोमीटर हाताळलेल्यांना ही युक्ती लगेच कळेल. त्यांनी केसापेक्षा कितीतरी बारीक क्वार्ट्झचा धागा घेतला, त्यावर चांदीचा थर दिला आणि तो ताकदवान विद्युतचुंबकात ताणून बसवला. वीज गेली की धागा हलायचा. त्याची सावली मोठी करून सरकत्या फोटोप्लेटवर टिपली जायची. पेशंटचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले असायचे. यंत्राचं वजन होतं सुमारे २७० किलो आणि ते चालवायला पाच माणसं लागायची.

दीड किलोमीटरची तार

एवढं धूड हॉस्पिटलमध्ये नेता येईना आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणं धोक्याचं. मग त्यांनी हॉस्पिटल आणि प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेनं जोडली. अंतर सुमारे दीड किलोमीटर. पेशंट खाटेवर आणि पट्टी प्रयोगशाळेत! १९०६ मध्ये त्यांनी असे आलेख प्रसिद्ध केले. बिघडलेल्या लयीचे अनेक नमुने त्यात होते.

पट्टीवर डॉक्टर काय पाहतात?

- कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा.
- पी म्हणजे वरचे कप्पे, क्यूआरएस म्हणजे खालचे कप्पे सक्रिय झाल्याची खूण. टी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होणं.
- दोन आर-मध्ये चार मोठे चौकोन असतील, तर ३०० भागिले ४, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. हे गणित लय नियमित असेल तरच चालतं.
- पी दिसत नाही आणि आर-मधली अंतरं कशीही कमी-जास्त, तर एट्रियल फिब्रिलेशनचा संशय. यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.
- पी येतो, पण त्यामागून क्यूआरएस गळतो, तर हार्ट ब्लॉक.
- क्यूआरएस रुंद आणि ठोके वेगानं, तर ते जिवावर बेतू शकतं. वेळ घालवायचा नाही.

नोबेल आणि अखेर

१९२४ मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं, तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यान दौऱ्यावर होते. यंत्र बनवायला मदत करणाऱ्या दिवंगत सहायकाच्या बहिणींना शोधून त्यांनी बक्षिसाची रक्कम वाटून दिली, असं सांगितलं जातं. २९ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांचं निधन झालं.

आपण काय लक्षात ठेवायचं?

नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. धडधड थांबल्यावर काढलेली पट्टी नॉर्मल येऊ शकते. म्हणून त्रास सुरू असतानाच ईसीजी काढलेला बरा. त्रास अधूनमधून होत असेल, तर डॉक्टर २४ तासांचं होल्टर लावायला सांगतात. मशीननं वर ‘नॉर्मल’ छापलं, तरी पट्टी डॉक्टरांना दाखवाच.

आणि एक छोटी गोष्ट. ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो, काही वर्षांत त्यावरच्या रेघा पुसट होतात. आई-बाबांच्या जुन्या ईसीजीचा स्पष्ट फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा. नवी पट्टी वाचताना डॉक्टरांना जुनीशी तुलना करता आली, तर बिघाड आजचा की आधीचा, हे लवकर कळतं.