कागदांमागं फिरलेला माणूस

शिरवळचे असाल तर सुभानमंगळ तुम्हाला नवा नाही. नीरेकाठी उरलेसुरले बुरूज, आणि १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत इथं झालेली लढाई. आता समजा, हीच गोष्ट तुम्हाला बी.एड.च्या प्रोजेक्टमध्ये लिहायची आहे. दोन परिच्छेद झकास जमले. मॅडमनी वही परत दिली आणि समासात लाल पेनानं एकच शब्द: संदर्भ? काय लिहिणार? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं म्हणून? (परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचं वर्णन आहे. तिथून सुरुवात करा.)

या एका प्रश्नापायी ज्यानं अख्खं आयुष्य घालवलं, तो माणूस शिरवळपासून फार लांब नाही, घाटापलीकडे वाईत कामाला लागला होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. इतिहासाचार्य म्हणून नाव ऐकलं असेल. चौकाला, रस्त्याला, सभागृहाला दिलेलं. माणूस मात्र या नावापेक्षा खूप जास्त इंटरेस्टिंग होता.

जन्म १८६३ चा, कोकणातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. कॉलेजचं शिक्षण सरळ झालं नाही, पैशाअभावी मध्ये खंड पडला. बी.ए. झाले ते १८९० च्या सुमारास, म्हणजे पंचविशी उलटल्यावर. गॅप पडली म्हणून तुम्ही आज हताश होता ना, त्यांची गॅप बरीच मोठी होती. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर त्यांचा एक लेख मुद्दाम मिळवून वाचावा: ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’. शाळा-कॉलेजात आपल्याला काय शिकवलं आणि काय शिकवलंच नाही, याचा त्यांनी त्यात हिशेब मांडलाय, आणि कुणाचीही भीड ठेवलेली नाही. लेक्चरपेक्षा ग्रंथालयात जास्त शिकलेल्या मुलाचा तो जबाब आहे.

लग्न झालं होतं. पत्नी लवकर वारली. दुसरं लग्न केलं नाही, नोकरीत रमले नाहीत. मोजकं सामान घ्यायचं, हातानं रांधून खायचं आणि गावोगाव हिंडायचं. कशासाठी? जुन्या कागदांसाठी.

तेव्हाची परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. मराठ्यांचा इतिहास म्हणून जे पुस्तक चालायचं ते ग्रँट डफचं, १८२६ चं. हा डफ साताऱ्यातच इंग्रजांचा अधिकारी होता. त्याच्या पुस्तकातल्या चुका राजवाड्यांच्या आधी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी दाखवल्या होत्या, तेही कॉलेजात शिकत असताना. पण चूक दाखवणं वेगळं आणि त्या जागी पक्कं काय ते ठेवणं वेगळं. पक्कं होतं ते वाड्यांच्या माळ्यांवर. मोडीतले रुमालच्या रुमाल पडलेले. काही वाळवीनं खाल्ले, काही पावसात भिजून लगदा झाले, काही रद्दीत जाऊन वाण्याच्या पुड्या झाले. घरच्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, आणि आलेल्या माणसावर विश्वासही नव्हता. न जाणो, एखादा वतनाचा कागद बाहेर जायचा आणि जमीन जायची!

वाईत राजवाड्यांना मोठं घबाड लागलं. पानिपतच्या मोहिमेतली अस्सल पत्रं. त्यांत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेलीही होती: पैसा पाठवा, रसद पाठवा, शत्रूची रसद तोडा. तोवर पानिपत लोकांना माहीत होतं ते मुख्यतः बखरींतून, म्हणजे मागाहून लिहिलेल्या गोष्टींमधून. इथं लढाईच्या आधीच्या महिन्यांतला माणूसच बोलत होता. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. पुढे असे २२ खंड झाले.

आता थोडं तांत्रिक, पण इथंच खरी मजा आहे. जुन्या पत्रांवर पुष्कळदा फक्त महिना आणि चंद्र असतो. साल नाहीच! म्हणजे तुमच्या मित्राचा मेसेज आहे ‘सोमवारी निघतोय’, पण कुठल्या वर्षातला सोमवार? राजवाडे मजकुरातले धागे पकडायचे. अमुक सरदार जिवंत आहे, तमुक नदी ओलांडलेली नाही, म्हणजे हे पत्र या दोन घटनांच्या मधलं. मग साल ठरवायचं आणि पत्राला नंबर द्यायचा. या नंबराला लेखांक म्हणतात. आजही इतिहासाच्या पुस्तकात तळटीप दिसते ती अशी: राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक. तो खंड काढायचा, तो लेखांक उघडायचा आणि स्वतः वाचायचं. लेखकावर विश्वास ठेवायची गरजच नाही. तुम्ही झोटेरोमध्ये लेखक, वर्ष, पान असे रकाने भरता ना, ते काम याच जातीचं. सॉफ्टवेअर स्वल्पविराम नीट टाकेल. रकान्यात काय भरायचं ते तुम्हालाच पाहून यावं लागतं.

पहिल्याच खंडाच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी बखरी आणि डफ दोघांनाही या पत्रांपुढं उभं केलं. तारखा जुळतात का, माणसं त्या दिवशी तिथं होती का, एकेक तपासलं. तुमच्या प्रबंधातला ‘संबंधित साहित्याचा आढावा’ बहुतेक वेळा अमुक म्हणाले, तमुक म्हणाले एवढ्यावर संपतो. एकदा ही प्रस्तावना वाचून बघा. भाषा जड आहे, पण आढावा घेणं म्हणजे भांडणंसुद्धा असतं, हे कळेल.

भांडण हा त्यांचा स्वभावच. १९१० मध्ये खंडेराव चिंतामण मेहेंदळ्यांसोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुढे त्याच मंडळाशी बिनसलं. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना ते सुसाट सुटायचे. जातींविषयी त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंच आज वाचवत नाही, आणि तेव्हाही सगळ्यांनी ऐकून घेतलं नाही. कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या लिखाणाला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून खणखणीत उत्तर दिलं. तेव्हा राजवाड्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. त्यांचं मत एका बाजूला ठेवा, त्यांनी छापलेला कागद दुसऱ्या बाजूला. कागद त्यांच्याविरुद्धही वापरता येतो.

अखेरची वर्षं धुळ्यात गेली. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच वारले. शेवटपर्यंत मराठी धातूंवर काम चालू होतं. तो धातुकोश छापलेला त्यांना बघायला मिळाला नाही. १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांनी जमवलेल्या कागदांना घर मिळालं.

एक पोथी मात्र अभ्यासकांना आज कुठंच मिळत नाही. मराठवाड्यात राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी प्रत मिळाली होती. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली, तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. एकनाथांनी शुद्ध केलेल्या पाठाआधीची ही प्रत, असं त्यांचं म्हणणं. दावा एवढा मोठा म्हटल्यावर लोक मूळ पोथी बघायला मागणारच. वाद पेटला. रागाच्या भरात पोथी त्यांनीच नष्ट केली असं सांगतात. खरं खोटं काही असो, पोथी गेली. अक्षराचं वळण कसं होतं, कागद कुठला, काना-मात्रा पोथीतली की छापखान्यातली, काही तपासता येत नाही. ज्यानं हजारो पत्रांना लेखांक देऊन सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं, त्यानंच हे एक दार बंद केलं. याची हळहळ मला त्यांच्या २२ खंडांच्या कौतुकाइतकीच वाटते.

तो पाठ मात्र अभ्यासक आजही टाकून देऊ शकत नाहीत, इतका तो महत्त्वाचा आहे. म्हणून ज्ञानेश्वरीवर काम करणारे अजूनही तोच वापरतात. संदर्भात लिहितात, राजवाडे प्रत, १९०९. मूळ पोथी कुठं आहे, तो रकाना कोराच राहतो.