काचेवरचे आकाश

विल्यमिना फ्लेमिंग यांचा जन्म १८५७ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. विवाहानंतर त्या अमेरिकेत आल्या. परंतु त्या गरोदर असतानाच पतीने त्यांना सोडून दिले. चरितार्थासाठी त्यांनी हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरणीचे काम पत्करले. त्यांची बुद्धी ओळखून पिकरिंग यांनी १८८१ साली त्यांना वेधशाळेत कायम नेमले.

त्या काळी आकाशाची छायाचित्रे काचेवर घेतली जात. ती भिंगाखाली निरखून ताऱ्यांचे वर्गीकरण करणे, हे विल्यमिना यांचे काम होते. १८८८ साली मृग नक्षत्राच्या अशाच एका छायाचित्रात, तेजोमेघाच्या कडेला त्यांना एक काळी खाच दिसली. तोच पुढे अश्वशीर्ष तेजोमेघ म्हणून प्रसिद्ध झाला. मागचा प्रकाश अडवणारा तो धुळीचा व वायूचा दाट ढग आहे. मात्र १८९५ सालच्या सूचीत या शोधापुढे पिकरिंग यांचे नाव छापले गेले.

वेतनही पुरुष सहकाऱ्यांहून कमी होते. तरीही त्यांनी ५९ तेजोमेघ व ३०० हून अधिक रूपविकारी तारे शोधले. १९०६ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. १९११ साली त्यांचे निधन झाले. हबल दुर्बिणीने अंतराळातून घेतलेली अश्वशीर्षाची छायाचित्रे २०१३ साली, तर वेब दुर्बिणीने घेतलेली २०२४ साली प्रसिद्ध झाली. आज त्या शोधाचे श्रेय विल्यमिना फ्लेमिंग यांनाच दिले जाते.