सर जोसेफ व्हिटवर्थ

सायकलीचा नट हरवला, तर आपण दुकानातून तसाच दुसरा आणतो आणि तो बोल्टवर बिनचूक बसतो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातही ही सोय नव्हती. प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडीत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोन फेरे फिरून अडकून बसे. बळेच आवळला, तर सारा भार त्या दोन आट्यांवर येई आणि ते तुटून जात. एवढ्याशा तुकड्यापायी मोठे यंत्र बंद पडून राही.

हा गोंधळ मिटविणारा जोसेफ व्हिटवर्थ १८०३ साली मँचेस्टरजवळील स्टॉकपोर्ट येथे जन्मला. वडील शिक्षक होते. लहानपणीच त्यास एका नातलगाच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. पण त्याचे मन यंत्रांतच रमे. पुढे लंडनला हेन्री मॉड्स्लेच्या नामांकित कारखान्यात काम करून १८३३ मध्ये त्याने मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला.

मग त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून स्क्रू जमविले. दिसावयास हे काम किती क्षुल्लक! पण त्यात मोठा पेच होता. आटे उथळ असतील तर पकड सुटते. फार खोल कोरले तर बोल्टाचा गाभाच बारीक होऊन तो तुटतो. जमविलेल्या स्क्रूंची मापे घेऊन व्हिटवर्थने त्यांतून मध्यम मान काढले आणि १८४१ मध्ये आपली योजना स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश. त्यांचे माथे व तळ गोलसर. अर्धा इंच जाडीच्या बोल्टास इंचामागे १२ आटे, एक इंच जाडीच्या बोल्टास ८. ही योजना हळूहळू देशभर रूढ झाली.

त्याने षट्कोनी नळीची बंदूकही बनविली. १८६० मध्ये विम्बल्डन येथे ती लोखंडी आधारावर घट्ट बसविली होती. राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढताच ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्याजवळ गोळी लागली. तरीही ब्रिटिश सैन्याने ती बंदूक सरसकट स्वीकारली नाही. ती महाग होती आणि तिची नळी लवकर काजळत असे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात काही नेमबाजांनी तिच्यावर दुर्बीण बसवून ती वापरली.

१८६८ मध्ये व्हिटवर्थने यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. १८८७ साली मोंटे कार्लो येथे तो मरण पावला. त्याचे आटे मात्र ब्रिटनमधील कारखान्यांत त्यानंतरही अनेक दशके चालू राहिले.