अस्वल, तुळशीराम आणि बाबा

हॉस्टेलवर ‘द रेव्हेनंट’ न पाहिलेला मुलगा सापडणं अवघड आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री एका लॅपटॉपभोवती दहाजण कोंडाळं करून आम्ही तो पाहिला होता. ग्रिझली अस्वल हिरोला चिंधीसारखं लोळवतं, तो सीन तर तीनदा मागे घेऊन पाहिला. गोष्ट खऱ्या माणसावरून घेतलेली आहे. १८२३ साली अमेरिकेत ह्यू ग्लास नावाच्या शिकाऱ्याला ग्रिझलीनं फाडलं. हा काही आता वाचत नाही, जीव गेला की मूठमाती द्या, असं सांगून दोघांना त्याच्यापाशी ठेवलं होतं. ते दोघे त्याची बंदूक घेऊन पसार झाले आणि हा पठ्ठ्या फरफटत, लंगडत माणसांत परत आला. सिनेमा संपल्यावर त्या दोघांना आम्ही यथेच्छ शिव्या घातल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

पुढच्याच मे महिन्यात मी तेच केलं.

माझा रूम पार्टनर चंद्रपूर जिल्ह्यातला. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा, म्हणून अख्खी विंग त्याला चांदाच म्हणते. परीक्षा संपल्यावर त्यानं मला सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला ओढून नेलं. कराडहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्धा, पुढे हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर आणि मूल. विदर्भातला मे काय असतो ते मी सांगत नाही, जाऊन बघा! पहाटे कुदळ-फावडं, दुपारी व्याख्यानं, रात्री गाणी. हाताला फोड आले, पण मजा आली. छावणी संपल्यावर चार दिवस आम्ही चांदाच्या मामाच्या गावी राहिलो.

तेंदूपानाचा हंगाम होता. अख्खं गाव उजाडायच्या आत रानात जायचं. आम्ही दोघेही गेलो आणि शहाणपणा करून सगळ्यांच्या मागे रेंगाळलो. एका कोरड्या नाल्यात चांदाचा पाय मुरगळला. तो दगडावर बसला आणि मी त्याचा बूट काढायला लागलो. तेवढ्यात पलीकडून एक विचित्र आवाज आला, व्हॅक्युम पंप हवा खेचतो ना, अगदी तसा. वारुळापाशी काळा ढीग होता. तो ढीग दोन पायांवर उभा राहिला. छातीवर पांढरट पट्टा. अंतर फार तर पंचवीस पावलं.

मी पळालो. चांदाचा एक बूट माझ्या हातातच होता!

मामा आणि चौघे-पाचजण भेटले तेव्हा मी थांबलो. कुऱ्हाडी, काठ्या घेऊन आम्ही परत आलो तर चांदा त्याच दगडावर बसलेला. अस्वल कधीच निघून गेलं होतं. तो हलला नव्हता, ओरडला नव्हता, हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिला होता. अस्वलानं हवा हुंगली, चार पायांवर आलं आणि झुडपात शिरलं. मामांनी नंतर सगळं समजावलं. अस्वलाची नजर अधू आणि नाक तिखट. वाळवी सोंडेसारखं ओढून खाताना ते इतकं गुंग असतं की माणूस जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग दचकतं आणि थेट तोंडावर येतं. पळून उपयोग नसतो, कारण ते आपल्यापेक्षा जोरात पळतं. मोहाची फुलं पहाटे पडतात, ती वेचायला माणूसही जातो आणि अस्वलही. भांडण असतं ते एवढंच. आपल्या कोयनेच्या आणि चांदोलीच्या रानातही अस्वलं आहेत, तेव्हा ट्रेकवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चांदानं मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त बूट परत मागितला. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

त्या रात्री अंगणात मामांच्या वडिलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की बाबा आमटेही एकदा पळाले होते. मी उडालोच. ज्यांच्या छावणीत आठ दिवस घाम गाळला, ते बाबा पळाले? कशाला भिऊन? अस्वलाला तर नक्कीच नाही, म्हणाले, अस्वलं तर त्यांनी पोरवयात मारली. कराडला परतल्यावर लायब्ररीत बाबांवरचं जे मिळालं ते वाचून काढलं. आपल्यातले बरेचजण बाबा गेले तेव्हा पाळण्यात होते, म्हणून ती हकीकत इथे लिहितो.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. ‘बाबा’ हे घरातलं लाडाचं नाव, साधुसंताचं नव्हे. वडील इंग्रज सरकारात अधिकारी आणि घरची जमीनदारी. चौदाव्या वर्षी मुलाच्या हातात स्वतःची बंदूक होती आणि अस्वलं, हरणं यांची शिकार हा छंद होता. गाडी चालवण्याच्या वयाचा झाल्यावर सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार आली. तिच्या गाद्या बिबट्याच्या कातड्यानं मढवलेल्या होत्या. सिनेमाचा नाद एवढा, की इंग्रजी मासिकात परीक्षणं लिहायची आणि ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर एकदम हाय-फाय पोरगा! पण घरच्या शिस्तीला न जुमानता तो गड्यांच्या पोरांबरोबर जेवायला बसायचा, हेही त्याच वयातलं.

नागपूरला शिकून बाबा वकील झाले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांचे खटले त्यांनी चालवले. सेवाग्रामला गांधीजींकडे राहिले. रेल्वेत एका तरुण स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले. गांधीजींच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी बाबांना अभय साधक असं नाव दिलं. म्हणजे भीती नसलेला माणूस म्हणून शिक्काच बसला, तोही कुणाचा, तर गांधीजींचा.

पुढे शिकार सुटली, गाडी सुटली, वकिलीही सुटत गेली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून बाबांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. एक दिवस नाही, कित्येक महिने. या काळातच एका लग्नघरात त्यांनी इंदू घुलेशास्त्री या मुलीला पाहिलं. घरात लग्नाची धामधूम असताना ती गुपचूप म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती. १९४६ साली त्यांचं लग्न झालं आणि इंदूच्या साधनाताई झाल्या.

आणि मग तुळशीराम भेटला.

पाऊस पडत होता. मैल्याची पाटी घेऊन जाताना गटाराच्या कडेला बाबांना एक गाठोडं दिसलं. ते हललं. तो माणूस होता. बोटं नाहीत, अंगाला जखमा, जखमांत किडे. कुष्ठरोगाची शेवटची अवस्था. बाबा तिथून पळाले. अस्वलापुढे बंदूक धरणारा, गोऱ्या सोजिरांना भिडणारा, गांधीजींनी अभय म्हटलेला माणूस एका मरणाऱ्या, हात-पाय गळून गेलेल्या जिवाला भिऊन घरी पळाला.

मी हे पान दोनदा वाचलं. अस्वल निदान अंगावर तरी आलं असतं. तुळशीराम काय करणार होता? पण रोग आपल्याला लागेल ही भीती बाबांच्या अंगात बंदुकीच्या गोळीसारखी घुसली होती. आपण याला भितो म्हणजे आपण अभय नाही, हे त्यांचं त्यांना कळलं, आणि ते परत गेले. तुळशीरामवर पाऊस लागू नये म्हणून तट्ट्या उभ्या केल्या, त्याला खाऊ घातलं, जखमा धुतल्या. तुळशीराम वाचला नाही. बाबांची भीतीही लगेच गेली नाही. नंतर कित्येक महिने ती छळत राहिली. ती जाण्याची वाट बघत ते थांबले नाहीत, एवढंच.

मग रोग समजून घ्यायला ते १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनला गेले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हते, म्हणून प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचंच शरीर पुढे केलं. जंतू टोचून घेतले, पण रोग झाला नाही. कुष्ठरोग सहज लागत नाही, हे आज आपल्याला शाळेच्या पुस्तकात मिळतं. पुढे १९८० च्या दशकात एकत्रित औषधोपचार आले आणि तो पूर्ण बरा होऊ लागला. पण तेव्हा गावं अशा माणसाला वेशीबाहेर काढायची.

१९५१ साली वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ, विंचू-सापांनी भरलेली जमीन मिळाली. बरोबर सहा कुष्ठरोगी, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. ते आनंदवन. सिव्हिलच्या मित्रांनो, पुढचं तुमच्यासाठी. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे खडक फोडून विहीर खणली. भाजीपाला पिकवला, पण वरोऱ्यात तो कुणी घेईना. परदेशी स्वयंसेवक येऊन आनंदवनात राहिले, जेवले, भिंती बांधू लागले, तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. पुढे ज्या गावानं यांची भाजी नाकारली, त्या गावच्या मुलांसाठी याच माणसांनी आनंदवनात कॉलेज उभं केलं. आपण कॉलेजची बिल्डिंग गळते म्हणून कुरकुर करतो, तेव्हा मला हे आठवतं.

नंतर सोमनाथ झालं. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी माडिया गोंडांसाठी राहिले. रस्ता नाही, वीज नाही. अस्वलानं फाडलेली माणसं खाटेवर घालून मैलोनमैल चालत दवाखान्यात आणली जायची आणि हे दोघे कंदिलाच्या उजेडात टाके घालायचे. एकदा माडिया शिकारी मेलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचं जिवंत पिल्लू तिला चिकटलेलं होतं. प्रकाशभाऊंनी तांदूळ आणि कपडे देऊन ते पिल्लू मागून घेतलं. त्यातून प्राण्यांचं अनाथालय झालं. पुढे त्यात बिबटे आले, तशी अस्वलंही आली. बाप ज्या वयात अस्वलं मारत होता, जवळपास त्या वयाची त्याची नातवंडं अस्वलाच्या पिल्लांबरोबर अंगणात खेळली. यावर मी काही भाष्य करत नाही.

त्याच रानावर १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या दोन धरणांचं सावट आलं. आदिवासींची गावं आणि जंगल बुडणार म्हणून बाबा उभे राहिले आणि त्या वेळी ती धरणं मागे पडली. इथे माझ्या मनात गोंधळ आहे, तो लपवत नाही. आपण कोयना धरण अभिमानानं बघायला जातो आणि त्याच विजेवर हॉस्टेलचे पंखे चालतात, असं मानून सुखानं झोपतो. बुडालेल्या गावांचा विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही. बाबा बरोबर की चूक, हे ठरवण्याइतका मी मोठा नाही, पण प्रश्न विचारायला तरी शिकलं पाहिजे.

पाठीच्या मणक्यांनी बाबांना तोवर पुरतं जेरीला आणलं होतं. बसता येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तरी १९८५ च्या डिसेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी, ते कन्याकुमारीहून भारत जोडोला निघाले. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला गेले आणि धरणग्रस्तांबरोबर सुमारे दहा वर्षं राहिले. मॅगसेसे, पद्मविभूषण, टेंपलटन... पुरस्कारांची यादी मोठी आहे, ती गुगलवर मिळेल. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना जाळलं नाही, आनंदवनाच्या मातीतच ठेवलं.

हे सगळं वाचून माझं काय झालं? मी काही शूर झालो नाही. परवा मेसच्या मागे साप निघाला तर टेबलावर चढणारा पहिला मीच होतो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पळाले तर बाबाही. परत जाताना मात्र त्यांनी सोबत कुणाला नेलं नव्हतं. मी परत गेलो तो पाच माणसं आणि दोन कुऱ्हाडी घेऊन. शिवाय परत गेल्यावरही जे बोलायचं ते बोललोच नाही. एक वर्ष झालं, आम्ही एकाच खोलीत राहतो, एका बादलीनं आंघोळ करतो, एकमेकांच्या असाइनमेंट छापतो, आणि तो विषय दोघेही काढत नाही.

या अंकाच्या मराठी विभागाची प्रूफं चांदाच तपासतो. म्हणजे तुमच्या आधी हे तो वाचणार. चांदा, चुकलं माझं. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून घे.