मत नसलेली पुढारी

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. सातबारा नवऱ्याच्या नावावर, कर्जही त्याच्याच नावावर. पण बियाणं कोणतं, खत केव्हा टाकणार, असं विचारलं की तो मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहायचा. उत्तर ती द्यायची. कागदावर मात्र ती कुठेच नसायची. निवृत्तीनंतर दोलोरेस काकुआंगोविषयी वाचू लागलो आणि ती बाई पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

दोलोरेसचा जन्म १८८१ सालचा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात, कायाम्बे भागातल्या पेसिय्यो जहागिरीवर. आईबाप किचवा आदिवासी, मालकाकडे वेठीनं राबणारे. पंधराव्या वर्षी पोरीला राजधानी किटोत जमीनदाराच्या घरी घरकामाला धाडलं. तिथे ती स्पॅनिश बोलायला शिकली. अक्षरओळख मात्र झाली नाही.

वेठीच्या बदल्यात कुळाला डोंगरउतारावरचा एखादा निकस तुकडा कसायला मिळे. त्याला उआसिपुंगो म्हणत. पुरुष मालकाच्या रानात, म्हणून हा तुकडा बाईनंच जगवायचा. बटाटा, जव, शेंगवर्गातली पिकं आणि मेंढ्यांचं लेंडीखत. आज आपण ज्याला शाश्वत शेती म्हणतो, तिचा बराचसा भाग या बायकांना गरजेनंच शिकवला होता. शिवाय मालकाच्या गाईंच्या धारा काढायच्या, त्याही फुकट. दोलोरेसला नऊ मुलं झाली. त्यांतली आठ लहानपणीच गेली.

१९३०-३१ मध्ये पेसिय्योत संप झाला. बायकांच्या कामाला मजुरी हवी, ही त्यातली एक मागणी होती. सरकारनं लष्कर पाठवलं, आदिवासींची घरं पाडली, जाळली. दोलोरेस मागे हटली नाही. १९४४ मध्ये आदिवासींची देशव्यापी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ती होती. पुढे तिची सरचिटणीसही झाली. नंतर लुईसा गोमेस या शिक्षिकेच्या साथीनं तिनं किचवा आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून शिकवणाऱ्या शाळा काढल्या. तिचा मुलगा तिथे मास्तर झाला. १९६३ च्या लष्करी राजवटीनं त्या शाळा बंद पाडल्या. १९६४ च्या जमीनसुधारणा कायद्यानं उआसिपुंगो संपला खरा, पण बहुतेकांच्या वाट्याला तेच निकस तुकडे आले.

इक्वेडोरनं बायकांना १९२९ मध्येच मताधिकार दिला होता. अट एकच, लिहितावाचता आलं पाहिजे. म्हणजे हजारोंची ही पुढारी स्वतः मत देऊ शकत नव्हती. १९७१ मध्ये ती गेली. निरक्षरांना मत मिळालं ते १९७८ च्या सार्वमतानं मंजूर झालेल्या राज्यघटनेनं.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत निरक्षर बाईनंही चिन्ह पाहून मत दिलं. याचा मला अभिमान आहे. पण माझ्या टेबलासमोरच्या त्या बाईला मत होतं, सातबाऱ्यावर नाव नव्हतं. आणि इतके फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरले, तिचं नाव मात्र एकदाही विचारलं नाही.