गोदूताईंचा संसार

टिटवाळा म्हटले की आपल्या कल्याण-डोंबिवलीकरांना आठवतो तो महागणपती. अंगारकीला तिथे रांग लावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, याच गावी जानेवारी 1945 मध्ये महाराष्ट्रातले शेतकरी आपली किसान सभा उभारण्यासाठी जमले होते. त्या परिषदेमागे एक जोडपे होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर.

गोदूताई 1907 सालच्या, पुण्याच्या गोखल्यांची लेक. वडील नामांकित वकील, घर सुखवस्तू. मुलगीही कायद्याची पदवीधर झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण 1932 साली सत्याग्रहात तुरुंगवास झाला आणि तो वडिलांना रुचला नाही. गोदूताईंनी मुंबई गाठली. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. तिथेच काम करणाऱ्या शामरावांशी त्यांचा 1939 साली विवाह झाला. पुढे दोघांनीही समाज सोडला आणि कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली.

आता संसार सुरू झाला म्हणावे, तर तो कुठे? ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवर! टिटवाळ्याच्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. सावकार-जमीनदारांची वेठ आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने धन्याकडे राबायचे, ही लग्नगडी पद्धत, या जाचाला ते विटले होते. त्यांच्यामागोमाग परुळेकर जंगलात गेले. मे 1945 मध्ये झरी गावच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमावावर गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि आणखी काही वारली मारले गेले. तरीही वेठ संपली ती संपलीच. वारल्यांनी या ब्राह्मण घरच्या बाईला गोदाराणी केले.

1957 साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. खासदाराचे घर म्हणताच आज जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यातले काही त्यांच्या वाट्याला आले नाही. ऑगस्ट 1965 मध्ये आर्थर रोड तुरुंगात, कैदेत असतानाच त्यांचे निधन झाले.

सव्वीस वर्षांचा सहवास असा संपला. त्यानंतर गोदूताई माहेरी परतल्या असत्या, तरी कुणी बोल लावला नसता. पण त्या आपल्या माणसांतच राहिल्या. 1970 साली त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1986 मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. 1996 साली त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या राजकीय मतांशी आपले जुळेल किंवा न जुळेल. माझेही सारे जुळत नाही. पण घराणे पुढे चालवण्यासाठी राजकारण करणारे पाहून डोळे सरावले की मला हे घर आठवते. राजकारणातून त्यांनी स्वतःसाठी काही उभे केले नाही; परक्यांच्या झोपड्यांतून मात्र भीती हद्दपार केली. पुढल्या चतुर्थीला टिटवाळ्याला उतराल, तेव्हा बाप्पाबरोबर त्यांचेही स्मरण करावे, एवढेच सांगणे.