भिंतीलगतची हवा

भारतीय वायुदलाने घेतलेल्या जॅग्वार विमानाचे छायाचित्र नीट पाहावे. इंजिनाला हवा पुरविणारे बाजूचे तोंड विमानाच्या अंगाला चिकटलेले नाही. मध्ये अरुंद फट आहे. ही फट कशासाठी, हे ज्यांच्यामुळे कळले ते लुडविग प्रांटल.

१८७५ साली बव्हेरियातील फ्रायझिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील प्राध्यापक, आई सदैव आजारी. १९०० मध्ये डॉक्टरेट मिळवून ते न्यूरेंबर्गच्या एका कारखान्यात लागले. काम अगदी सामान्य : यंत्रांखाली पडणारा कीस हवेने ओढून नेणारी नळयोजना सुधारणे. त्यांनी ती सुधारली. पण रुंदावत जाणाऱ्या नळीत हवेचा दाब गणिताप्रमाणे वाढेना. हवा भिंत सोडून भलतीकडेच जात होती. काम भागले होते, दुसरा कोणी तेथेच थांबला असता. प्रांटल १९०१ मध्ये हॅनोव्हरला प्राध्यापक झाले, तो प्रश्न बरोबर घेऊनच.

उत्तर त्यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडले. छापील पाने अवघी आठ! पृष्ठभागाला टेकलेली हवा तेथेच अडून राहते. तिच्यालगतचा पातळ थर रखडत चालतो. पुढे दाब वाढू लागला की हा थकलेला थर मागे फिरतो, भिंत सोडतो आणि भोवरे उठतात. हाच सीमास्तर. उपायही त्यांनी तेव्हाच दाखविला होता : नळकांड्याला चीर पाडून तो थर आत शोषून घेतला, तर प्रवाह भिंतीला धरून राहतो.

पुढचे सारे आयुष्य गटिंगेनला गेले. माणूस व्यवहारात भोळा. गुरू फप्पल यांच्या मुलीला मागणी घातली, पण दोघींपैकी कोणती हेच कळवायचे राहिले, असे त्यांचे शिष्य कार्मान सांगत. नाझी राजवटीत मात्र हा भोळेपणा तितकासा गोड वाटत नाही. १९३८ मध्ये त्यांनी हायझेनबर्गची बाजू हिमलरपुढे मांडली हे खरे. पण त्यांची प्रयोगशाळा त्याच राजवटीची विमाने घडवायला हातभार लावत होती, हेही तितकेच खरे.

पहिले जेट विमान १९३९ च्या ऑगस्टमध्ये उडाले. त्याच्या इंजिनाचे जनक ओहाइन गटिंगेन विद्यापीठाचेच. जेट इंजिन हवेच्या बाबतीत मोठे नाजूक : विमानाच्या अंगावरून आलेला रखडता थर आत शिरला, तर दाबयंत्राच्या पात्यांवरचा प्रवाह तुटतो, इंजिन धडधडते, प्रसंगी बंदही पडते. म्हणून ती फट. रखडती हवा तिच्यातून बाहेर निघून जाते. अमेरिकन फँटम विमानात तर तोंडापुढच्या पत्र्याला बारीक छिद्रे पाडून तो थर शोषून घेतात. प्रांटल १९५३ साली वारले. फँटम उडाले १९५८ मध्ये.